बोटीची वेळ आणि खोपोलीचा प्रवासी

क्रूझ बोटीवर चढण्याची वेळ दोन तासांनी पुढे ढकलल्याचे कळताच मुंबईकर घरीच आणखी एक चहा घेतो. कर्जत-खालापूरचा प्रवासी त्या वेळी गाडीत बसलेला असतो. कर्जत ते मुंबई लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटर. खोपोली त्याहून दूर आणि तेथून सुटणाऱ्या गाड्या मोजक्याच. वृद्ध आईवडील व लहान मुले घेऊन पहाटे निघालेल्या कुटुंबाने बंदरावर करावे तरी काय?

विलंबाला कारणे असतात, हे मान्य. आधीच्या फेरीचे प्रवासी त्याच दिवशी उतरतात, खोल्यांची सफाई होते, सामानाची व कागदपत्रांची तपासणी चालते. ती फेरीच हवामानामुळे रखडली, तर पुढचे सारे लांबते. समुद्राला कोणी जाब विचारीत नाही. तक्रार आहे ती वेळीच न कळविण्याची. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमानुसार बोट सुटण्यास विलंब होणार असेल, तर नियोजित वेळेनंतर फार तर ३० मिनिटांत प्रवाशांना कळवावे लागते. ९० मिनिटांहून अधिक विलंब अपेक्षित असल्यास शक्यतो मोफत अल्पोपाहारही द्यावा लागतो. हा नियम सुटण्याच्या विलंबाचा. आपल्याकडे तो चढण्याच्या विलंबासही लावावा आणि सूचना प्रवाशाने घर सोडण्यापूर्वी मिळावी, ही मागणी अवाजवी नव्हे.

तोवर औषधे, कागदपत्रे व डबा हातातल्या पिशवीतच असू द्यावा. मोठे सामान एकदा सोपविले की ते खोलीतच भेटते. परतीच्या दिवशीही उतरण्यास उशीर होऊ शकतो. खोपोलीच्या पुढच्या गाडीची वेळ तिकीट काढतानाच टिपून ठेवावी.