आजीच्या आकाशात चौकोन!

दोस्तांनो, संगमनेरात आमच्या शेजारी एक आजी राहतात. सारा जन्म एसटीने फिरल्या. गेल्या हिवाळ्यात त्या पहिल्यांदा विमानात बसल्या, तेही शिर्डीहून! शिर्डीचा विमानतळ आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात. १ ऑक्टोबर २०१७ ला त्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून आपल्या भागात विमान म्हणजे फक्त आभाळातली पांढरी रेघ राहिली नाही.

आजीला पोहोचवायला नातू गेला होता. बाहेरच्या रस्त्यावरून त्याने उडत्या विमानाचा फोटो टिपला, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून मूळ फोटो पुसून टाकला. पुढे फ्रेम करायला स्टुडिओत गेला. फोटो मोठा करून पाहतो तर काय! निळ्या आभाळात चौकोनी ठिगळं आणि विमानाच्या पोटाखाली रंगीत वाळू. स्टुडिओवाले काका म्हणाले, "अरे, विमान गोधडीवरून चाललंय की काय?" स्वारी रडवेली होऊन माझ्याकडे आली.

आधी वाळूचं बघू. तिला म्हणतात 'नॉइज'. रिमझिम पावसात अंगणात शंभर वाट्या मांडा. एकीत चार थेंब पडतील, शेजारचीत सात. मुसळधार पावसात मात्र सगळ्या जवळपास सारख्याच भरतील. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर अशाच लाखो वाट्या असतात आणि पाऊस असतो उजेडाचा. उजेड कमी, तर शेजारशेजारचे ठिपके कमीजास्त उजळ, म्हणजेच खरखरीत! आयएसओ वाढवला की उजेड वाढत नाही बरं का. फक्त चाराचे चाळीस आणि साताचे सत्तर होतात. फरकही तेवढाच फुगतो.

विमानाची गंमत अशी, की मागचं आभाळ लख्ख असतं. कॅमेरा त्यालाच भुलतो आणि अख्खा फोटो काळवंडतो. मग आपण घरी बसून विमानाचं पोट उजळवतो आणि लपलेली वाळू वर येते! म्हणून फोटो घेतानाच 'एक्स्पोजर' थोडं वाढवा, अधिक अर्धा ते एक. पण पांढरं विमान उन्हात चमकत असेल तर जपून. फार वाढवलं तर त्यावरची अक्षरंच उडतील. जेटसाठी शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. पंख्याच्या एटीआर विमानाला मात्र १/२५० पुरे, नाहीतर पंखे बंद पडल्यासारखे दिसतात. अर्थात तेव्हा हात स्थिर हवा!

आता चौकोन. जेपीईजी फोटो साठवताना चित्राचे आठ बाय आठ, म्हणजे ६४ ठिपक्यांचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्यातले बारीक फरक गाळले की फाइल लहान होते. झाडाच्या पानांत हे कळत नाही. पण आभाळ कसं, गडद निळ्यापासून फिकटापर्यंत हळूहळू जातं. तिथे फार गाळलं की तुकड्यांच्या कडा उघड्या पडतात. त्यात आधीच वाळू असेल तर विचारूच नका! ग्रुपवर फोटो जाताना तो पुन्हा दाबला जातो. दरवेळी नव्याने जेपीईजी साठवतानाही थोडं गळतं आणि गळलेलं परत येत नाही.

म्हणून मूळ फोटोला हात लावू नका, दुरुस्ती त्याच्या प्रतीवर करा. कॅमेऱ्यात 'रॉ'ची सोय असेल तर ती वापरा. कुणाला पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तो दाबला जात नाही. आणि फोटो धारदार करायचा मोह झाला तर फक्त विमान धारदार करा, आभाळ नको. (हा मोह मलाही आवरत नाही!)

दुपारी धावपट्टी तापली की हवा थरथरते आणि विमान पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. त्यावर कॅमेऱ्यात औषध नाही, सकाळी लवकर जाणं हेच खरं. काकडीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेकडे उभं राहिलं की सूर्य पाठीशी येतो. सोबत मोठं माणूस हवं. कुंपणाला चिकटायचं नाही, सुरक्षारक्षकाने नको म्हटलं तर कॅमेरा पिशवीत. लष्करी विमानतळापाशी तर तो काढायचाच नाही.

नातवाचा तो फोटो काही परत आला नाही. आजींनी मात्र ठिगळांचाच फोटो भिंतीवर लावायला सांगितला. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा निघाल्या आहेत. नातवाने मोबाइलमधली जागा आत्ताच रिकामी करून ठेवली आहे.