कूपरस्टाउन : न्यायाधीशाने वसवलेलं गाव

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउनला येणारे बहुतेक पाहुणे बेसबॉलचं संग्रहालय बघतात आणि परतीची वाट धरतात. त्या संग्रहालयाच्या शेजारीच कूपर पार्क आहे. तिथे कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर यांचा पुतळा दिसतो, पण गावाचं नाव त्यांच्यावरून पडलेलं नाही. ते त्यांचे वडील विल्यम कूपर यांचं. पुतळा आहे त्याच जागी एकेकाळी विल्यम यांचा वाडा, ओत्सेगो हॉल, उभा होता.

१७५४ साली जन्मलेले विल्यम मूळचे गाड्यांची चाकं घडवणारे कारागीर. १७८६ मध्ये त्यांनी ओत्सेगो सरोवराकाठी हजारो एकर जमीन मिळवली. ही हौदेनोसौनी या मूलनिवासी लोकांची भूमी. सात वर्षांपूर्वीच अमेरिकी सैन्याने याच सरोवराचं पाणी बांध घालून अडवलं, मग बांध फोडून त्या लोंढ्यावर होड्या सोडल्या आणि हौदेनोसौनींची गावं उद्ध्वस्त केली होती.

कूपरनी शेतकऱ्यांना कुळं म्हणून ठेवलं नाही; उधारीवर का होईना, जमीन मालकीहक्काने विकली. १७८९ च्या उपासमारीत सस्क्वेहाना नदीत हेरिंग मासे आले, तेव्हा ते पकडून मिठासह घरोघर वाटले. १७९१ मध्ये ओत्सेगो काउंटी झाली आणि कूपर तिचे पहिले न्यायाधीश झाले. पुढे दोनदा काँग्रेसवरही निवडून गेले.

पण जमीन दिली म्हणजे मतंही आपलीच, असं ते धरून चालले. सरकारवरील टीकेला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध जेडेडाया पेक या शेतकरी नेत्याने लोकांच्या सह्या गोळा केल्या. १७९९ मध्ये कूपरच्या पुढाकाराने त्यांना अटक झाली. बेड्या घातलेले पेक न्यूयॉर्क शहराच्या वाटेवर लोकांचे नायक ठरले. खटला उभाच राहिला नाही. पुढे राज्यातल्या सार्वजनिक शाळांचा पाया घालण्यात याच पेक यांचा मोठा वाटा राहिला.

कूपर १८०९ मध्ये वारले. ख्राइस्ट चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. गाव वसवण्याचं श्रेय त्यांचंच, पण गावाला स्वतःचं मत असतं हे दाखवून दिलं पेक यांनी.

संग्रहालय पाहून झालं की सरोवराच्या टोकापर्यंत चालत जा. सुमारे ७०० किलोमीटर वाहत जाऊन चेसापीक उपसागराला मिळणारी सस्क्वेहाना नदी तिथूनच निघते.