नदीच्या पायऱ्या

नदी वाहते असे आपण म्हणतो. ती खणतेही, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन आपली पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. या साऱ्या नद्यांनी आपली खोरी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या कातळात कोरली आहेत.

या कोरण्याच्या खुणा वाचाव्या कशा? नदी दीर्घकाळ एकाच पातळीवर वाहिली, म्हणजे ती दोन्ही अंगांस गोटे, वाळू व गाळ पसरून सपाट मैदान करते. पुढे तिने पात्र खोल केले की ते मैदान उंचावर कोरडे राहते. हीच नदीची पायरी. शास्त्रात तिला नदीवेदिका म्हणतात. घराच्या जिन्यात खालची पायरी आधी बांधतात. नदीच्या जिन्यात मात्र सर्वांत वरची पायरी सर्वांत जुनी असते.

परंतु नदी खोल का जाते? जमीन उचलली जाते, समुद्र खाली जातो, किंवा पाऊस वाढून अथवा गाळ घटून प्रवाहाचे बळ वाढते. म्हणून पायरी दिसली एवढ्यावरून जमीन वर आली, असा निकाल देता येत नाही. कृष्णेचे मुख बंगालच्या उपसागरावर, शेकडो मैल दूर. वाटेत कातळाचे उंबरठे. तेव्हा समुद्राचा परिणाम येथवर पोचणे कठीण. उरलेल्या दोहोंची पारख अशी : जमीन हलली असेल तर पायऱ्या कललेल्या वा तुटलेल्या दिसतील, हवामान पालटले असेल तर शेजारच्या अनेक नद्यांत सारखेच थर आढळतील. प्रवरेकाठी नेवाशाला डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथील गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. पुढे डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी देशावरील नद्यांचे थर अभ्यासून त्यांच्या भरण्या-खणण्याचा संबंध मुख्यतः पावसाच्या चढउताराशी जोडला.

मग जमीन उचललीच नाही काय? पन्हाळ्याचा माथा पाहावा. तेथे जांभा आहे. सपाट जमिनीत युगानुयुगे पाऊस मुरून जांभा बनतो. आज तो एकाकी माथ्यावर आहे. अर्थात भोवतालची जमीन कोरून गेली. माल उतरला की होडी वर येते, त्याप्रमाणे झिजलेला भूभागही हळूहळू उचलला जातो. सह्याद्रीच्या उंचीचा एक उलगडा भूशास्त्रज्ञ असाच करतात.

या विचाराचा उपयोग आपल्या दारापर्यंत येतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुनी पायरी नदीने सोडलेली जागा आहे, पण काठचे सखल मैदान तिने सोडलेले नाही. ते तिचे पावसाळी पात्रच होय. घराचा पाया घालण्यापूर्वी आपण या दोहोंपैकी कशावर उभे आहोत, एवढे प्रत्येकाने पाहून घ्यावे.