इंग्रजीचे अध्ययन-अध्यापन, मराठवाड्यातील

मराठी, उर्दू वा दखनी ही घरची भाषा असलेल्या विद्यार्थ्यांस इंग्रजी ही द्वितीय वा तृतीय भाषा म्हणून शिकविण्याची प्रक्रिया. भारतात उच्च शिक्षण, वैद्यक, अभियांत्रिकी, वरिष्ठ न्यायालये, मोठे उद्योग आणि परदेशाशी होणारा व्यवहार यांत इंग्रजीचा वापर मोठ्या प्रमाणावर होत असल्याने, इंग्रजी येणे वा न येणे यावर व्यक्तीची पुढील वाटचाल पुष्कळ अंशी ठरते. महानगरातील सुशिक्षित कुटुंबांत ही भाषा मुलांच्या कानांवर सहज पडत राहते. मराठवाड्याच्या खेड्यातून शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) येणाऱ्या, आणि बहुधा घराण्यात प्रथमच शिकणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र ती वर्गाबाहेर क्वचितच ऐकावयास मिळते. त्यामुळे वर्गातील अध्यापनपद्धतीला येथे विशेष महत्त्व प्राप्त होते. व्याकरणाभ्यास, कथा, चित्रपट आणि वर्गातील उपक्रम ही या अध्यापनाची चार प्रमुख साधने होत.

ऐतिहासिक आढावा : मुंबई इलाख्यात इंग्रजी शिक्षणाचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातला गेला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१) आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश (१८४७) या कामी उपयोगी पडले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाल्यावर इंग्रजी ही उच्च शिक्षणाची भाषा म्हणून स्थिर झाली. पुढील काळात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी इंग्रजीचे धडे गिरविले. या शिक्षणाकडे केवळ सरकारी नोकरीचे साधन म्हणून पाहिले गेले नाही. ज्यांना शास्त्राध्ययनाचा अधिकारच नाकारला गेला होता, त्यांना इंग्रजीत मुक्तीचा मार्ग दिसला. सावित्रीबाई फुले यांच्या काव्यफुले (१८५४) या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा पुरस्कार करणाऱ्या कविता आहेत.

मराठवाड्याचा इतिहास यापेक्षा निराळा आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे प्रशासनाची आणि शिक्षणाची भाषा प्रामुख्याने उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू हे माध्यम आणि इंग्रजी हा अनिवार्य विषय अशी व्यवस्था होती. त्यामुळे मराठी मुलास इंग्रजीकडे पुष्कळदा उर्दूच्या द्वारा जावे लागे. म्हणजे एक अपरिचित भाषा दुसऱ्या अर्धपरिचित भाषेतून शिकावी लागे. या काळात औरंगाबाद हे इंग्रजी-उर्दू कोशरचनेचे एक केंद्र बनले. मौलवी अब्दुल हक यांनी संपादिलेला स्टँडर्ड इंग्लिश-उर्दू डिक्शनरी हा कोश अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेने १९३७ मध्ये येथूनच प्रसिद्ध केला.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर मराठी हे शालेय शिक्षणाचे माध्यम म्हणून रूढ होत गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या संस्थेमुळे दलित व ग्रामीण विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण प्रथमच आवाक्यात आले. त्यानंतर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९५६), मराठवाडा विद्यापीठ (१९५८) आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांची स्थापना झाली. विज्ञान व व्यावसायिक शाखांचे अध्यापन इंग्रजीतून होत असल्याने, दहा-अकरा वर्षे मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाच्या पहिल्याच आठवड्यात भाषेचा अडसर जाणवू लागे. विषय समजण्याची कुवत असूनही केवळ व्याख्यान न समजल्याने मागे पडणे, हा या प्रदेशातील विद्यार्थ्यांचा सार्वत्रिक अनुभव होता आणि तो अद्याप पूर्णपणे नाहीसा झालेला नाही.

मराठी शाळांत इंग्रजीचा आरंभ कोणत्या इयत्तेपासून करावा, यासंबंधीचे धोरण वेळोवेळी बदलले. दीर्घकाळ ती पाचवीपासून शिकविली जाई. २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्व माध्यमांच्या शाळांत ती पहिलीपासून सुरू केली. मराठी माध्यम कायम ठेवून गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याची ‘सेमी-इंग्रजी’ पद्धतही अनेक शाळांत रूढ झाली आहे.

अध्यापनपद्धती : प्रारंभीची पद्धती व्याकरण-भाषांतराची होती. नियम पाठ करणे व वाक्यांचे भाषांतर करणे असे तिचे स्वरूप असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मातृभाषा टाळून वस्तू व कृती यांच्या द्वारा शिकविणारी प्रत्यक्ष पद्धती, १९५०–६० च्या सुमारास ठराविक वाक्यरचनांचा क्रमवार सराव देणारी रचना पद्धती आणि १९८० नंतर प्रत्यक्ष व्यवहारातील वापरावर भर देणारी संज्ञापन पद्धती प्रचारात आली. १९७९ ते १९८४ या काळात एन्. एस्. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली दक्षिण भारतातील काही शाळांत झालेला ‘बंगलोर प्रकल्प’ या दृष्टीने जगभर उल्लेखिला जातो. नकाशा वाचणे, वेळापत्रकावरून प्रवास आखणे यांसारखी कामे विद्यार्थ्यांना इंग्रजीतून करावयास दिल्यास भाषा अनुषंगाने आत्मसात होते, असे त्याचे सूत्र होते. या पद्धतींपैकी कोणतीही एकच पुरेशी ठरत नाही. अनुभवी शिक्षक प्रसंगानुसार त्यांचा मेळ घालतात.

व्याकरणाभ्यास : भारतीय शाळांत सर्वाधिक परिचित असलेल्या इंग्रजी व्याकरणाचे एक कर्ते पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणसेवेत होते. साहसकथांचे लेखक म्हणूनही त्यांचा लौकिक होता. त्यांच्या बो जेस्ट (१९२४) या कादंबरीवर एकाहून अधिक चित्रपट निघाले. व्याकरण, कथा व चित्रपट यांचा असा योग एकाच लेखकाच्या नावाशी जुळून आला असला, तरी वर्गात मात्र व्याकरण बहुधा एकाकीच राहिले.

व्याकरणाचा सराव विद्यार्थ्याच्या मातृभाषेशी तुलना करून दिल्यास अधिक फलदायी ठरतो. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्यानंतर येते. मराठीतील विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, तर इंग्रजीतील तत्सम शब्द नामापूर्वी येतात. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांसारखे काही मराठीत नसल्याने ती गाळली जातात किंवा नको तेथे घातली जातात. ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘मला ताप आहे’ या तीन निरनिराळ्या धाटणीच्या वाक्यांसाठी इंग्रजीत ‘हॅव’ हे एकच क्रियापद चालते. मराठीत त्याला थेट प्रतिशब्द नाही. ‘तो चित्रपट मी काल पाहिला आहे’ हे मराठीत खपते. परंतु त्यावरून बेतलेले ‘आय हॅव सीन दॅट फिल्म यस्टरडे’ हे इंग्रजीत अशुद्ध ठरते. अशा चुका अज्ञानातून नव्हे, तर मातृभाषेच्या नियमबद्ध सवयीतून होतात. हे शिक्षकाने ओळखल्यास विद्यार्थ्याची टवाळी टळते आणि सराव नेमका कोठे हवा, तेही कळते.

उच्चारांचीही हीच गोष्ट आहे. मराठी लेखनात ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’ असा भेद केला जात असल्याने, त्या दोन व्यंजनांतील फरक दाखविण्यास मराठी शिक्षकाला आयते साधन मिळते. दखनी बोलणाऱ्या मुलांत ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होण्याची प्रवृत्ती आढळते. मराठी मुलांना आरंभीचे जोडाक्षर तितके जड जात नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील फरक मात्र दोघांनाही सरावानेच साधतो. इंग्रजीत शब्दातील आघाताला महत्त्व असते. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर, तर ‘फोटॉग्रफर’मध्ये दुसऱ्या अवयवावर पडतो. ही गोष्ट पुस्तकावरून कळत नाही, ती ऐकावीच लागते.

कथा : मराठीतील आधुनिक बालवाङ्मयाच्या आरंभीच्या काळात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इंग्रजीवरून केलेल्या इसापनीतिकथा (१८२८) आहेत. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला तीच कथा उलट दिशेने, म्हणजे मराठीतून परिचित झाल्यावर इंग्रजीत वाचता येते. कथानक ठाऊक असल्यास अपरिचित शब्दांचा अर्थ संदर्भावरून लागतो व कोशावाचून वाचन पुढे सरकते. मर्यादित शब्दसंख्येत लिहिलेल्या क्रमिक वाचनपुस्तकांची कल्पना मायकेल वेस्ट यांनी १९२० नंतर बंगालमध्ये शिक्षणाधिकारी असताना विकसित केली. पुढे त्यांनी संपादिलेल्या सर्वोपयोगी शब्दांच्या सूचीत (१९५३) सुमारे दोन हजार मूळ शब्द आहेत.

लोककथाही या कामी उपयोगी पडतात. काऊ-चिऊच्या कथेत पावसाने घर वाहून गेलेला कावळा चिमणीचे दार पुनःपुन्हा ठोठावतो आणि ती प्रत्येक वेळी आपण काय करीत आहोत ते सांगून त्याला थांबविते. ही कथा इंग्रजीत सांगितल्यास ‘ओपन द डोअर’ ही आज्ञार्थी रचना आणि ‘आय ॲम बेदिंग माय बेबी’ यासारखी चालू वर्तमानकाळाची रचना मुले कंटाळा न येता दहा वेळा म्हणतात. दोन मुलांनी ती वर्गात करून दाखविल्यास कथा, व्याकरण आणि अभिनय ही तिन्ही एकत्र येतात.

चित्रपट : जिवंत बोलण्याचा वेग, स्वराघात, शब्दांची जोडणी आणि हावभाव यांचा एकत्र प्रत्यय चित्रपटातून येतो. इंग्रजी भाषक शिक्षक दुर्मिळ असलेल्या प्रदेशात हा मोठा लाभ होय. तथापि संपूर्ण चित्रपट दाखविण्याने भाषाशिक्षण होतेच असे नाही. तीन ते पाच मिनिटांचा एखादा प्रसंग निवडून तो प्रथम आवाजाशिवाय दाखवावा व पात्रे काय बोलत असतील याचा अंदाज विद्यार्थ्यांना बांधू द्यावा. नंतर आवाजासह आणि त्यानंतर इंग्रजी उपशीर्षकांसह तो दाखवावा. शेवटी विद्यार्थ्यांनी तो प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगावा किंवा सादर करावा. जुने मूकपटही उपयुक्त ठरतात. कारण त्यांत बोलण्याचे काम विद्यार्थ्यांकडे येते.

उपशीर्षके कोणत्या भाषेत असावीत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नेदर्लंड्समध्ये झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, अपरिचित धाटणीचे इंग्रजी बोलणे समजून घेण्यास डच श्रोत्यांना इंग्रजी उपशीर्षकांची मदत झाली, तर डच उपशीर्षकांमुळे त्यात अडथळा आला, असे आढळले. भारतात ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये मांडलेली, चित्रपटगीतांना त्याच भाषेतील उपशीर्षके देऊन वाचनाचा सराव घडविण्याची कल्पना याच तत्त्वाशी निगडित आहे. कथानक समजण्यासाठी मराठी उपशीर्षके सोयीची असली, तरी कान तयार होण्यासाठी इंग्रजी उपशीर्षके अधिक उपकारक ठरतात.

परिचित कथेचा लाभ येथेही घेता येतो. बर्नार्ड शॉ यांच्या पिग्मॅलियन (१९१३) या नाटकावर माय फेअर लेडी (१९६४) हा चित्रपट आधारलेला आहे. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ती फुलराणी (१९७५) हे नाटक मराठीत आणले. मराठी नाटक पाहिलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी चित्रपट सुगम होतो. शिवाय उच्चारांवरून माणसाची प्रतिष्ठा ठरविली जाते, हा त्याचा विषय इंग्रजी शिकणाऱ्यास जवळचा वाटतो. गौरी शिंदे दिग्दर्शित इंग्लिश विंग्लिश (२०१२) या हिंदी चित्रपटात इंग्रजी न येणारी मराठी गृहिणी न्यूयॉर्कमधील वर्गात ती भाषा शिकते. भाषा न येण्यापेक्षा त्यावरून घरच्यांकडून होणारी अवहेलना अधिक बोचते, हे त्यात दाखविले आहे.

चित्रपटाच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. संवादांचा वेग, प्रादेशिक बोली व ग्राम्य शब्द यांमुळे नवशिका गोंधळतो. केवळ पाहण्याची सवय लागल्यास ऐकणे सुधारते, पण बोलणे सुधारत नाही. निवड वयानुरूप असावी लागते.

वर्गातील उपक्रम : ऐकलेली व वाचलेली भाषा वापरण्याचे धैर्य उपक्रमांतून येते. विद्यार्थिसंख्या मोठी असलेल्या वर्गात प्रत्येकास शिक्षकाशी बोलण्याची संधी मिळत नाही. यासाठी एकाच बाकावरील दोघांच्या जोड्या व चार-पाच जणांचे गट करतात. दोघांना अपुरी व परस्परपूरक माहिती देऊन ती इंग्रजीत विचारून पूर्ण करावयास लावणे, मुलाखत घेणे, बाजारातील देवघेव किंवा बसस्थानकावरील चौकशी अभिनित करणे, असे हे उपक्रम असतात. वेरूळ व अजिंठा येथे परदेशी प्रवासी येत असल्याने, विद्यार्थ्याने वाटाड्या होऊन कैलास लेणे एकाच अखंड खडकातून वरून खाली कसे कोरले गेले, हे पाच वाक्यांत समजावून देणे हा या भागास साजेसा उपक्रम होय. त्यात बोलणाऱ्यास काही खरोखर सांगावयाचे असते, ही त्याची जमेची बाजू.

शिक्षकाला स्वतःला इंग्रजी बोलण्याचा सराव नसेल, तर हे उपक्रम कागदावरच राहतात. यासाठी शिक्षकांचे प्रशिक्षण महत्त्वाचे आहे. इंग्रजीच्या अध्यापनासाठीची राज्य संस्था पुढे औरंगाबादेत कार्यरत झाली. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात, काही जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांचे स्थानिक गट नियमितपणे एकत्र येऊन अध्यापनातील अडचणींची चर्चा व इंग्रजी बोलण्याचा सराव करीत.

मूल्यमापन व समस्या : लेखी परीक्षेत वाचन व लेखन यांनाच प्राधान्य मिळत असल्याने, श्रवण व संभाषण यांसाठी शाळेत दिला जाणारा वेळ पालकांना व पुष्कळदा शिक्षकांनाही वाया गेल्यासारखा वाटतो. परिणामतः उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी मुलाखतीत मूक राहतो. दुसरीकडे, इंग्रजी माध्यम घेतले की इंग्रजी आपोआप येते, हा समजही रूढ आहे. घरी व परिसरात भाषेचा आधार नसल्यास अशा शाळेतील मूल विषय पाठ करते. पण त्याला ना विषय नीट उमगतो, ना भाषा. मातृभाषेत पक्की झालेली वाचनाची व विचारांची सवय द्वितीय भाषा शिकताना उपयोगी पडते, यावर भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांत बव्हंशी एकमत आहे. म्हणून मराठी वा उर्दू माध्यमाच्या शाळांतच इंग्रजीचे अध्यापन सकस करणे, हा मराठवाड्यासारख्या प्रदेशात अधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणारा मार्ग ठरतो. चित्रपट व ध्वनिमुद्रणे भ्रमणध्वनीवर उपलब्ध झाल्याने भाषा ऐकण्याची साधने आता खेड्यांतही पोहोचली आहेत. त्यांचा वर्गातील कामाशी सांधा जुळविण्याची जबाबदारी मात्र शिक्षकावरच राहते.