एक दाह, तीन घाव

तापात डोके दुखणे, अंगावरून वारे जाणे आणि दृष्टी जाणे ही तीन दुखणी आपण तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची समजतो. पण क्षयरोगाच्या मेंदूआवरणदाहात, म्हणजे टीबी मेनिंजायटिसमध्ये, ती एकाच मुलाला काही आठवड्यांत होऊ शकतात. असे का व्हावे?

उत्तर मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या दृष्टीचेता तेथे फुलीसारख्या एकत्र येतात. या फुलीभोवती रक्तवाहिन्यांचे कडे असते. थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून ते ‘विलिसचे कडे’. हे सारे मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवात असते.

फुप्फुसातले क्षयाचे जंतू रक्तावाटे मेंदूच्या पृष्ठभागाशी पोचून लहानशी गाठ करतात. ही गाठ फुटली की जंतू त्या द्रवात उतरतात, असे रिच आणि मॅककॉर्डक यांनी १९३३ साली दाखवले. मग शरीर प्रतिकार सुरू करते. पायात काटा मोडल्यावर येणारी लालसर सूज म्हणजे हाच दाह. पायाला सुजायला जागा असते. कवटीत ती नसते. मेंदूच्या तळाशी चिकट, दाट स्राव साचतो आणि तेथल्या साऱ्यांना वेढतो.

पहिला फटका रक्तवाहिन्यांना बसतो. त्यांच्या भिंती सुजतात, पोकळी अरुंद होते, कधी रक्ताची गुठळी होते. वर्गात पॉइझ्युईचा नियम जरूर सांगावा: दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा उरतो. विलिसच्या कड्याजवळून निघणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हालचालींचे संदेश नेणाऱ्या तंतूंना रक्त पुरवतात. त्या बंद पडल्या की विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात. म्हाताऱ्यांचा समजला जाणारा पक्षाघात असा लहान मुलालाही गाठतो.

दुसरा फटका दृष्टीचेतेला. तिच्यात दहा लाखांहून अधिक तंतू असतात. ती मेंदूचाच भाग असून मेंदूच्याच आवरणांत गुंडाळलेली असते. स्राव तिला आवळतो, तिचा रक्तपुरवठा तोडतो आणि द्रवाची वाट अडल्याने वाढलेला दाबही तिच्यावर येतो. बोटातली तुटलेली चेता हळूहळू वाढू शकते; दृष्टीचेतेचे मेलेले तंतू पुन्हा वाढत नाहीत.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. दराब दस्तूर आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. उदाणी यांनी १९६० व ७० च्या दशकांत मुलांच्या मेंदूतील क्षयाचा अभ्यास केला. आवरणदाह फारसा नसतानाही काही मुलांच्या मेंदूला सूज आलेली त्यांना दिसली. तिचा संबंध त्यांनी शरीराच्या तीव्र प्रतिक्रियेशी जोडला. म्हणजे जंतू मारणे पुरेसे नाही. दाहालाही आवरावे लागते. व्हिएतनाममध्ये १४ वर्षांवरील ५४५ रुग्णांवर झालेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. क्षयाच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन हे दाहशामक दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४१ वरून ३२ वर आले. मात्र वाचलेल्यांतले अपंगत्व कमी झाल्याचे दिसले नाही. आम्हाला या प्रयोगातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मेलेली चेता औषधाने परत येत नाही, म्हणून उपचार ती मरण्याआधी सुरू व्हायला हवेत.

येथे शिक्षकांचा संबंध येतो. आमच्या वर्तकनगरसारख्या दाट वस्तीत हवेतून पसरणाऱ्या या रोगाला वाव मिळतो. जन्मतः दिलेली बीसीजी लस लहान मुलांना या गंभीर प्रकारापासून बरेच संरक्षण देते, पण पूर्ण नाही. एखादे मूल आठवडाभराहून अधिक काळ बारीक ताप, डोकेदुखी, उलट्या यांनी त्रासले असेल, वर्गात मलूल किंवा चिडचिडे झाले असेल, नव्याने तिरळे पाहू लागले असेल, तर ‘अभ्यास टाळतो’ असे म्हणून सोडू नये. पालकांना त्याच दिवशी बोलावून मुलाला रुग्णालयात न्यायला सांगावे. क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. त्यांतले इथॅम्ब्युटॉल क्वचित दृष्टीचेतेलाच इजा करते. उपचार घेणारा विद्यार्थी लाल-हिरव्या रंगांत गोंधळू लागला, तर तेही लगेच डॉक्टरांना कळवावे. औषध मात्र आपणहून बंद करू नये.