एस. टी. गाठायची, पण दम न लागता!

मैत्रिणींनो, हातखंब्याचा तिठा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. मुंबईहून गोव्याकडे निघालं की इथे उजव्या हाताला रत्नागिरीचा रस्ता फुटतो. सकाळी आठच्या सुमाराला या तिठ्यावर याल, तर आम्ही दहा-बाराजणी एस. टी.ची वाट बघत उभ्या असलेल्या दिसू. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, आणि डोळ्यांत झोप. कुणी कचेरीत, कुणी शाळेत, कुणी दुकानात, कुणी दवाखान्यात. पाचला उठून, दोन वेळचा स्वयंपाक उरकून, मुलांची दप्तरं भरून आलेल्या. दिवस सुरू व्हायच्या आधीच अर्ध्या दमलेल्या!

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. मला निघायला उशीर झाला होता. गाडी लागलेली दिसली आणि मी धावले. पन्नास-साठ पावलंच असतील, पण दारातला दांडा धरला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. कंडक्टरने उठून मला आपल्या जागेवर बसवलं. "ताई, पाणी आहे का जवळ?" म्हणाला. बाटली होती, पण रिकामी. वय माझं बेचाळीस.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली, साखर काठावर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "व्यायाम काय करता?" मला रागच आला. म्हटलं, "अहो, पहाटे पाचपासून पायाला भिंगरी लागलेली असते. आणखी कसला व्यायाम करू?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दमता हे खरं. पण दमणं म्हणजे व्यायाम नव्हे."

हे एक वाक्य मला नीट समजायला बरेच दिवस लागले. तुम्हीही पाहा. ओट्याशी उभं राहून कंबर दुखते, पण छाती धडधडत नाही. मग अर्धा-पाऊण तास गाडीत बसणं, आठ तास खुर्चीत बसणं. म्हणजे पाठ झिजते आणि हृदय मात्र आळशी राहतं. घरकाम वाया जातं असं नाही. जोर लावून लादी पुसली, विहिरीचं पाणी ओढलं, तर तेही अंगी लागतं. पण गॅस, मिक्सर आणि नळ आल्यावर आपल्या कामातला जोर गेला, कटकट तेवढी उरली.

आता बसचीच एक गोष्ट सांगते. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. गाडी तीच, पाळ्या त्याच. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, सतत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. आपण कचेरीतल्या बायका, दमणूक कितीही असो, त्या ड्रायव्हरच्या रांगेत बसतो!

तासाची वाट पाहू नका

"रोज एक तास द्या" असं कुणी सांगितलं की मी पान उलटते. तो तास आपल्याकडे नसतो. सुदैवाने त्याची गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम. ही मिनिटं तुकड्या-तुकड्यांनी गोळा केली तरी चालतात. भिशीसारखंच म्हणा ना!

माझे तुकडे असे आहेत:

चहा उकळेपर्यंत : ओट्याला हात टेकून टाचा उचलायच्या, वीस वेळा. मग दोन पावलं मागे सरून, ओट्यावरच हात ठेवून दंड काढल्यासारखं पुढे झुकायचं नि मागे यायचं, दहा वेळा. शेवटी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर हात न टेकता बसायचं-उठायचं, दहा वेळा. पहिल्या दिवशी मला चारच जमले. म्हातारपणी संडासातून उठताना कुणाचा हात लागू नये असं वाटत असेल, तर ही उठबस आजपासून करा.

नमस्कार : चहा झाल्यावर सूर्यनमस्कार. तीनापासून सुरुवात केली, आठवड्याला एक वाढवत बारांवर आले. सहा-सात मिनिटं लागतात. पूर्वी मला वाटे, हे शाळेतल्या मुलांचं काम. पण सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि संस्थानातल्या शाळांतून ते सुरू केले. त्यांच्या राणीसाहेबही नमस्कार घालत. या पद्धतीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली विलायतेत निघालं, ते संपादन केलं लुईझ मॉर्गन या बाईंनी. नमस्काराला न साधन लागतं, न जागा. दोन पाट मावतील एवढी जमीन पुरे.

जाता-येता : सकाळी मी स्टँडपर्यंत न जाता माळनाक्याला उतरते आणि पंधरा मिनिटं झपाझप चालते. संध्याकाळी तिठ्यावरून वाडीपर्यंत रिक्षा करायची, ती सोडली. तेही पंधरा मिनिटं. पाच दिवसांचे झाले १५० मिनिटं! चाल कशी हवी? शेजारणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, अशी. साडीवर कॅनव्हासचे बूट घातले तेव्हा पहिले दोन दिवस सगळ्या हसल्या. आता आमच्यातल्या तिघींच्या पायांत बूट आहेत. एक मात्र पाळा. महामार्गाच्या कडेने चालू नका, आतली वाट धरा. आणि आपल्याकडचा पाऊस चार महिने बाहेर पडू देत नाही, तेव्हा पडवीत फेऱ्या घाला. घड्याळ लावून, हात हलवत.

कचेरीत : तासाला एकदा खुर्ची सोडायची. फाईल शिपायाकडून न मागवता आपण आणायची. आणि पाणी प्यायचं. इथे एक गोष्ट स्पष्टच बोलते. आपल्यातल्या कितीजणी दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला धड जागा नसते. माझ्या रिकाम्या बाटलीचं कारण तेच होतं. पाणी तोडल्याने डोकं दुखतं, लघवीची जळजळ सुरू होते, थकवा वाढतो. तेव्हा लाज सोडून साहेबांकडे स्वच्छतागृहाची किल्ली मागा, साबणाची मागणी लेखी द्या. आम्ही पाचजणींनी मिळून अर्ज केला, तेव्हा दाराला कडी बसली.

उरलंसुरलं आपल्या ताटात नको

रक्तच कमी असेल तर नुसत्या व्यायामाने अंगात त्राण येत नाही. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आढळला. तेव्हा आधी तपासून घ्या; गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि नेमाने घ्या. आपल्या कोकणी स्वयंपाकात औषध पुष्कळ आहे. कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, पालेभाजी, सुकी मासळी. वर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागून चहा घेतला की अडथळा येतो, म्हणून चहा तास-दीड तासाने. हाडांसाठी नाचणीची भाकरी आहेच. आणि पोळी-भाजीच्या डब्यात रोज एक मूठ उसळ किंवा अंडं हवं. मुलांच्या डब्यात असतं, आपल्याच डब्यात का नसावं?

खाडा पडला तर

पडणारच! गणपतीत चाकरमानी आले, शिमग्यात पालखी दारी आली, की कुठले नमस्कार? पहिल्या वर्षी गणपतीनंतर मी महिनाभर पुन्हा सुरूच केलं नाही. "मोडलंच आता" असं वाटलं. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीने टिंब करते. दुधाचा खाडा मांडतो तसा आपला खाडाही मांडायचा. नियम एकच, खाडे सलग दोन पडू द्यायचे नाहीत. अगदीच दमले असेन त्या दिवशी दोनच नमस्कार, पण टिंब पडलं पाहिजे. उत्साह आधी येत नाही बायांनो. अंग हललं की मागून येतो.

आणि घरातली माणसं?

खरी अडचण इथेच आहे. माझी ही पंधरा मिनिटं कुणाच्या खात्यातून आली? केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ९७. म्हणजे आपली मिनिटं कुठे गेली हे शोधायला ज्योतिषी नको!

मी रक्ताचा कागद जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. भांडले नाही. एवढंच म्हटलं, "उद्यापासून सहा ते सव्वासहा मी घरात नाही असं समजायचं." दोन दिवस दूध उतू गेलं. तिसऱ्या दिवशी यांनी गॅसजवळ उभं राहायला सुरुवात केली. आता डबे तेच भरतात. भाजी सांडते, पण भरतात. सासूबाई पहिले आठ दिवस नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही गो असं काही." आता त्या खुर्चीत बसून माझ्याबरोबर पाय वर-खाली करतात.

उच्च रक्तदाब, हृदयाचा त्रास, हर्निया, अंग बाहेर येणं, गुडघेदुखी किंवा गरोदरपण असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार सुरू करू नका. चालताना छातीत दुखलं तर थांबा आणि दाखवा. "गॅस असेल" म्हणून अंगावर काढू नका.

माझं काय झालं म्हणाल, तर वजन अवघं दोन किलो उतरलं. पण हिमोग्लोबिन बारावर आलं, साखर काठावरून खाली आली. आणि या श्रावणात पुन्हा एकदा उशीर झाला, गाडी सुटायच्या बेतात होती, मी धावले. कंडक्टर तोच होता. "ताई, बसा," म्हणाला.

म्हटलं, "राहू दे, त्या मागच्या आजींना दे जागा." आणि रत्नागिरीपर्यंत उभी राहिले.