ट्यूब काढली, तर हवा कोण धरून ठेवतं?

सायकलचं पंक्चर काढताना आपण सर्वांनीच पाहिलेलं असतं. टायर एका बाजूने रिममधून सोडवायचा, आतली ट्यूब बाहेर ओढायची, थोडी हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात फिरवायची. जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. हवा ट्यूबमध्ये असते हे यातून उघडच दिसतं. टायरचं काम ट्यूबला आवळून धरण्याचं आणि रस्त्याची झीज सोसण्याचं. टायरला बारीक भोकं असली, तरी ट्यूब शाबूत आहे तोवर चाक टणक राहतं.

मग मोटारीचे, स्कूटरचे आणि आता माउंटन बाईकचे टायर ट्यूबशिवाय कसे चालतात? विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारून पाहा. ‘टायर जाड असतो’, ‘आत एक द्रव घालतात’ अशी उत्तरं येतील. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण मुख्य गोष्ट त्यात येत नाही. ट्यूब काढली तरी तिचं काम शिल्लकच राहतं. सायकलच्या चाकात ते चार जणांत वाटलं जातं: रिमवरची पट्टी, व्हॉल्व्ह, टायरची कड आणि सीलंट. घरी ट्यूबलेस टायर बसवायचा म्हणजे या चौघांची कामं समजून घ्यायची.

ट्यूब नको कशासाठी?

माउंटन बाईकचा उगम १९७० च्या दशकातला, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायस या डोंगराच्या उतारांवरचा. दगड, मुळं आणि सैल माती यांवर चाकाची पकड राहायची तर टायर जमिनीला जास्त टेकला पाहिजे, म्हणजेच त्यात हवा कमी पाहिजे. हिशोब सोपा आहे. सायकलच्या दुकानात हवा ‘पौंडात’ मोजतात, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड. २५ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १.७५ किलो वजनाइतका जोर. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो असतील आणि त्यातले ४८ किलो मागच्या चाकावर येत असतील, तर २५ पौंडाला टायर सुमारे २७ चौरस सेंटीमीटर टेकेल आणि ४० पौंडाला फक्त १७. (टायरचा स्वतःचा ताठपणा इथे सोडून दिला आहे.)

पण ट्यूब असताना हवा कमी करण्यात धोका असतो. चाक दगडावर आपटलं की टायर दबतो आणि ट्यूब दगड व रिम यांच्यात चिमटली जाते. रिमच्या दोन कडांमुळे तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर असं चिमटणंही नाही. दुसरा शत्रू काट्यांचा. आपल्या माळरानांवरचा सराटा, म्हणजे काटेगोखरू, तण म्हणून अमेरिकेच्या पश्चिम भागातही पसरला आहे. बोकडाच्या डोक्यासारख्या शिंगाळ फळामुळे तिथले सायकलस्वार त्याला ‘गोटहेड’ म्हणतात आणि त्याला भलतेच वचकून असतात.

आधी मोटार, मग सायकल

मोटारींना ट्यूबलेस टायर १९५० च्या दशकातच मिळू लागले. माउंटन बाईकसाठी मात्र माविक, मिशलॅं आणि हचिन्सन या फ्रेंच कंपन्यांची प्रमाणित पद्धत १९९९ मध्ये आली. इतका उशीर होण्याचं एक मोठं कारण सायकलच्या चाकात आहे. मोटारीची रिम म्हणजे पत्र्याचं किंवा मिश्रधातूचं सलग कडं. सायकलच्या रिमला स्पोकसाठी २८ किंवा ३२ भोकं असतात. हवा आधी तिथूनच निसटणार.

म्हणून पहिली जबाबदारी रिमवरच्या पट्टीची. भोक ९ मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर २५ पौंड हवेचा त्यावर सुमारे १.१ किलोचा जोर येतो. प्रत्येक भोकावर कोणी बोटाने सतत दाबत असावं तसा! ताणली जाणारी पट्टी हळूहळू भोकात खचेल आणि फाटेल. म्हणून न ताणणारी, मजबूत अशी खास पट्टीच वापरतात. ती रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घेतात, म्हणजे तिच्या कडा टायर जिथे बसतो त्याच्याखाली जातात.

कुकरचं तत्त्व

टायर आणि रिम यांच्या सांध्यात ना डिंक असतो ना स्क्रू. मग तिथून हवा का जात नाही?

आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर आठवा. वाफेचा दाब वाढतो तसं झाकण आतून कडेवर जास्त घट्ट दाबलं जातं. बाहेर पडू पाहणारी वाफच दार लावून घेते! टायरचंही तसंच आहे. त्याच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार किंवा मजबूत धाग्यांचा पीळ असतो. या कडेला ‘बीड’ म्हणतात. आतली हवा बीडला बाहेरच्या बाजूला, रिमच्या भिंतीवर दाबते. दाब जितका जास्त, तितका सांधा घट्ट.

पण सुरुवातीला दाबच नसतो. गॅस्केट सैल झालेल्या कुकरची शिट्टी होत नाही, कारण जितकी वाफ तयार होते तितकी बाजूने निसटते. टायरमध्ये हळूहळू पंप मारला तर हेच होतं: हवा येते त्याच वेगाने फटीतून जाते, दाब वाढत नाही आणि दाब नाही म्हणून फट मिटत नाही. यातून सुटायचे मार्ग दोनच. हवा जोरात आत घालायची किंवा फट आधीच लहान करायची. पुढची बहुतेक कृती याच दोन गोष्टींसाठी आहे.

प्रत्यक्ष बसवताना

रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठीच बनवलेले आहेत याची आधी खात्री करावी. रिम स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि पट्टी ताणून, सुरकुती न पडू देता चिकटवावी. शेवटी साधारण १० सेंटीमीटर पट्टी पट्टीवर येऊ द्यावी. व्हॉल्व्हसाठी दाभणाने लहान भोक पाडावं, चीर देऊ नये. व्हॉल्व्हचं नट हातानेच आवळावं.

टायरची एक कड चढवून झाली की दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवावी. रिमच्या मध्यभागी खोलगट खोबण असते. तिथला घेर लहान असल्याने चढवलेली कड खोबणीत ढकलली की उरलेल्या भागाला थोडी ढील मिळते. व्हॉल्व्हपाशी मात्र खोबण अडलेली असते, म्हणून तो भाग शेवटी.

आता दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावावं. ते फट काहीशी बुजवतं आणि बीडला सरकायलाही मदत करतं. व्हॉल्व्हच्या आतली सुटी पिन काढून ठेवावी, म्हणजे हवेची वाट रुंद होते. मग मोठ्या पंपाने भराभर किंवा कॉम्प्रेसरने जपून हवा भरावी. बीड खोबणीतून वर चढून जागेवर बसताना ‘टप्प, टप्प’ असे मोठे आवाज येतात. टायरवर कडेलगत एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की टायर नीट बसला. हे जमलंच नाही, तर ट्यूब घालून हवा भरावी, दोन्ही कडा बसल्या की एकच कड सोडवून ट्यूब काढावी. मग निम्मीच फट उरते.

नंतर हवा सोडून व्हॉल्व्हमधून सीलंट घालावं. २९ इंची चाकाला साधारण १०० मिलिलिटर पुरतं. पिन बसवून पुन्हा हवा भरावी, चाक फिरवावं, हलवावं आणि दोन्ही कुशींवर थोडा थोडा वेळ आडवं ठेवावं. कुठे बुडबुडे दिसले तर ती बाजू खाली करावी.

झाडाची युक्ती

बऱ्याच सीलंटमध्ये रबराचा चीक असतो. खोडाला चीर पडली की रबराचं झाड चीक सोडतं, काही तासांत तो साकळतो आणि जखम बुजते. झाड जे स्वतःसाठी करतं, तेच आपण टायरमध्ये करवून घेतो.

चीक म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे अतिसूक्ष्म कण. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. बाटलीत ते साकळू नयेत म्हणून अमोनिया घालतात. काटा घुसला की हवेबरोबर सीलंट भोकाकडे धावतं. त्यातले भरड कण आणि तंतू, पावसाळ्यात गटाराच्या जाळीवर पाला अडकावा तसे भोकात अडकतात. त्यांच्याभोवती चीक साकळतो आणि बूच तयार होतं. टायरच्या भिंतीतली नजरेला न दिसणारी छिद्रंही अशीच बुजतात. सीलंटमधलं पाणी मात्र हळूहळू उडून जातं, उष्ण हवेत लवकर. म्हणून दोन-तीन महिन्यांनी आत ओल आहे का ते पाहून भर घालावी लागते.

हे मात्र करू नये

विद्यार्थ्यांच्या अनेक सायकलींचे टायर आज माउंटन बाईकसारखे जाड असतात, पण त्यांच्या रिम ट्यूबलेससाठी नसतात. तिथे बीडला नीट टेकायला जागाच नसते. पट्टी आणि सीलंट लावून हवा टिकलीही, तरी वळणावर कड निसटू शकते. उतारावर पुढच्या चाकाचा टायर निसटला तर हाड मोडण्यावर निभावलं तरी नशीब. अशा सायकलीची ट्यूब काढू नये. शाळेत जाण्या-येण्याला ट्यूब उत्तम आहे, शिवाय ती कोणत्याही गावात दुरुस्त होते.

हवा भरताना ‘थोडी जास्त’ ही सवय सोडावी. ४० पौंड हवेला, ५५ मिलिमीटर रुंद टायरच्या भिंतीत दर सेंटीमीटर लांबीला साडेसात किलोपेक्षा जास्त ताण असतो आणि २९ इंची चाकात बीडचा घेर सुमारे १९५ सेंटीमीटर! टायर आणि रिम यांच्या कमाल दाबांपैकी कमी असेल तो आकडा ही मर्यादा. डोळ्यांवर चश्मा असावा, तोंड चाकावर आणू नये. ज्वालाग्राही फवारा पेटवून टायर बसवण्याची करामत काहीजण करतात, तिच्या वाटेला मुळीच जाऊ नये.

वर्गात करून पाहा

१. साध्या सायकलच्या टायरला शाई लावून, सायकलवर एकाला बसवून, आलेख कागदावर ठसा घ्या. ठशाचं क्षेत्रफळ आणि हवेचा दाब यांवरून चाकावरचं वजन काढा. ते वजनकाट्याशी कितपत जुळतं? फरक कशामुळे पडत असेल?

२. बुडाशी भोक असलेल्या बाटलीत आधी बारीक आणि मग मोठ्या धारेने पाणी सोडा. पाण्याची पातळी कुठे थांबते? टायर बसवतानाच्या अडचणीशी याचा काय संबंध?

३. कोमट दुधात लिंबू पिळा. दुधातल्या प्रथिनांच्या कणांवरही ऋण भार असतो. आम्लाने तो नाहीसा झाल्यावर काय होतं ते पाहा आणि सीलंटमध्ये अमोनिया का घालतात याचं उत्तर विद्यार्थ्यांना शोधू द्या.